स्थगिती

यशोदा गुरवच्या दारात एक अनोळखी माणूस सहा-सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उभा होता.

"ताई, मी अन्वर मुजावर. ही माझी सना. तुमच्या केसमुळे आज पाच वाजता हिच्या डोक्यातली चिप बंद होणार आहे."

फिट थांबवणाऱ्या त्या चिपमुळेच यशोदाचा मुलगा गेला होता. तीन वर्षं ती कोर्टात लढली. शेवटी काल न्यायालयाने चिपची परवानगी रद्द केली आणि बसवलेल्या सगळ्या चिपा दुरूनच बंद करायचा हुकूम कंपनीला दिला.

"आधी हिला दिवसाला वीस-वीस फिट यायच्या. औषधं लागूच पडत नाहीत," अन्वर म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर स्थगिती मिळेल, असं वकील म्हणतात."

"माझा निनाद झोपेतच गेला, भाऊ. उद्या हिचं तसं झालं तर?"

"तुम्हाला बोल लावणार नाही."

यशोदाने सनाकडे बघितलं. मग तिने त्याच्या मोबाइलवरच्या, आपली हरकत नसल्याच्या अर्जावर अंगठा उमटवला. अर्ज गेला. पाचला दहा कमी असताना उत्तर आलं: सुनावणी उद्या सकाळी अकरा वाजता.

पाच वाजून गेले आणि थोड्याच वेळात सनाची मान ताठ झाली, डोळे फिरले. अन्वरने तिला घट्ट आवळून धरलं.

"आवळू नका, खाली ठेवा," म्हणत यशोदाने तिला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली आपला तळहात सरकवला. "घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं, तर ॲम्ब्युलन्स बोलवायची."

अन्वर रडत मिनिटं मोजू लागला.

"घरी जाऊ नका," ती म्हणाली. "उद्या अकरा वाजेपर्यंत आपण आळीपाळीने जागू."