शंभर फॉर्म

“आधी शंभर जणांना विचार, मग चूल पेटव. कल्पना गिऱ्हाइकाकडून तपासून घ्यायची असते!” उद्योजकता शिकवणाऱ्या ढोबळे सरांनी कावेरीला बजावलं. होस्टेलच्या मुलांना पिठलं-भाकरीचा डबा विकायचा, एवढीच तिची कल्पना होती.

पीठ दळून तयार होतं. पण सरांचा शब्द मोडायचा कसा, म्हणून तिने कॉलेजच्या कँटीनमध्ये फॉर्म वाटले. भरलेले फॉर्म टाकायला कँटीनवाल्या बबनशेठच्या गल्ल्याशेजारी खोका ठेवला. पहिला फॉर्म शेठनीच भरला. शंभरावा फॉर्म पडेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि त्याच दिवशी कँटीनच्या फळ्यावर अक्षरं उमटली: ‘आजपासून पिठलं-भाकरी’.

ढोबळे सरांनी तिथे दोन भाकऱ्या हाणल्या. “याला म्हणतात बाजाराची नाडी ओळखणं!” उद्योजकता दिनाला त्यांनी बबनशेठना प्रमुख पाहुणे केलं, शाल-श्रीफळ दिलं आणि आभार मानायला कावेरीला उभं केलं.

कावेरीने वहीतून एक कागद काढला. “पाहुण्यांचे आभार त्यांच्याच शब्दांत मानते,” ती म्हणाली, आणि तिने पहिला फॉर्म मोठ्याने वाचला. “पिठलं-भाकरी? फुकट दिली तरी इथं कुणी खाणार नाही. खाली सही, बबनशेठ.”