टेलरमास्तरांचा प्रश्न

एके काळी मीही मनोरुग्ण होते, म्हणून तर मानसिक आरोग्य केंद्राने मला रुग्णांच्या घरी जाऊन धीर द्यायला नेमलं. त्या दिवशी टेलरमास्तरांकडे माझं काम तपासायला केंद्राच्या मॅडमही आल्या होत्या. मास्तरांनी पंधरा दिवस गोळीला हात लावला नव्हता; अख्खी स्ट्रिप मुठीत आवळून ते मशीनमागे बसले होते. त्यांनी एकदम विचारलं, “ताई, तुम्हाला अजून आवाज ऐकू येतात का हो?” मॅडमचं पेन थांबलं. नोकरीच्या फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. पण मास्तरांना खोटं लगेच कळलं असतं. “येतात,” मी म्हणाले, “महिनाभरापासून परत सुरू झालेत. गोळी घेते, कामाला येते.” मास्तरांनी बायकोकडे पाणी मागितलं. जिन्यात मॅडम म्हणाल्या, “उद्यापासून ऑफिसातच बसा. काळजीपोटी सांगतेय.” “मास्तरांनी विचारलं तर?” “सांगू, ताई आजारी आहेत.”