डाव्या हाताची शिकवणी

पेन्सिल तिसऱ्यांदा खाली पडली, तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. आता ओरडा बसणार, असा त्यांचा चेहरा झाला होता. थेरपिस्टने वाकून पेन्सिल उचलली आणि त्यांच्या डाव्या हातात परत ठेवली.

"असू दे, आजी. मघापेक्षा जास्त वेळ धरलीत."

बाईंनी तिला ओळखलं नव्हतं. तिने मात्र फायलीवरचं नाव वाचताक्षणी ओळखलं होतं. वय बाहत्तर, निवृत्त शिक्षिका, अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू लुळी, बोलणं शाबूत. ही पेशंट खरं तर तिच्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीच्या वाट्याला आली होती. तिने ती मागून घेतली.

तीस वर्षांपूर्वी बाई पहिलीला शिकवायच्या, आणि ती त्या वर्गात डाव्या हाताने लिहायची. "ए डावरे," अशी हाक यायची. मग बाई तिच्याच वेणीची रिबीन सोडायच्या आणि त्या रिबिनीने तिचा डावा हात बाकाला बांधून टाकायच्या. उजव्या हाताने अक्षर वाकडं आलं, की बोटांच्या पेरांवर पट्टी बसायची. तीही सपाट नाही, उभी धरून. वर्षभरात तिचं अक्षर सुधारलं आणि बोलणं बिघडलं. कॉलेजात जाईपर्यंत तिला हजेरीला धड "हजर" म्हणता आलं नाही. घरी सांगितलं, तर वडील म्हणाले होते, "बाई उगाच मारतील का?"

तेव्हापासून तिने डूख धरला होता. आणि आता बाईंचा उजवा हात त्यांच्याच मांडीवर निपचित पडला होता. लिहायचं, तर डाव्याने शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिल्या दिवशी घरी जाताना थेरपिस्ट चक्क गुणगुणत होती.

बाईंना लिहायचं तर होतंच. सहीऐवजी अंगठा चालेल, असं सुनेने नुसतं सुचवलं, तर त्या खवळल्या. "छत्तीस वर्षं मुलांकडून अक्षरं गिरवून घेतली मी. आता अंगठा उठवू?"

सुनेने विषय बदलला. नातू अभ्यासाला बसत नाही, पाटी बघितली की रडतो, काय करावं कळत नाही, असं ती सांगू लागली.

"त्यात काय कळायचंय? शेफारलाय तो. दोन ठेवून दे," बाई म्हणाल्या. "हात धाकानेच वळतो. एवढ्या मुलांना शिकवलं मी, एक तरी अडाणी राहिलं का?"

थेरपिस्ट शेजारीच त्यांच्या खांद्याचा पट्टा सैल करत होती. तिची मूठ आवळली गेली. म्हणजे या बाईला कशाचंच काही वाटत नाही. आपण काय केलं, ते हिला कळलं पाहिजे. अगदी हाडापर्यंत कळलं पाहिजे. त्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती. त्या संध्याकाळी तिने काय ते ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आधी जाड खडू, पेन्सिल नंतर. अक्षरं नाहीतच, नुसते मोठाले गोल. एका वेळी दहा मिनिटं, आणि हात दमायच्या आत थांबायचं. वाकड्या रेघेबद्दल अवाक्षर काढायचं नाही, त्यातल्या त्यात बरी आली असेल तिच्यावर बोट ठेवायचं. चूक चारचौघांत सांगायची नाही. रडू आलं, की वही बंद, मग पाणी आणि खिडकीपाशी गप्पा. एकदा बाईंनी वैतागून वही भिरकावली. ती थेरपिस्टच्या कपाळाला लागली. "आज नको म्हणतोय हात," ती म्हणाली. "उद्या विचारू त्याला."

मैत्रिणीला रिबिनीची हकिगत ठाऊक होती. "धन्य आहेस तू," ती म्हणाली. "मी असते, तर चांगलं उट्टं काढलं असतं." थेरपिस्ट हसली. दात मात्र घट्ट आवळलेले होते.

पाचव्या आठवड्यात बाईंनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. शेवटची वेलांटी जरा घसरली, पण नाव लख्ख वाचता येत होतं. बाई लहान मुलीसारख्या हरखल्या. वही लांब धरून बघितली, जवळ आणून बघितली. मग ती मांडीवर ठेवून थेरपिस्टकडे वळल्या.

"तू एकदाही रागावली नाहीस गं माझ्यावर."

"नाही."

"एक चापट नाही, वेडंवाकडं बोलणं नाही. आणि तरी हात वळला." बाई वहीकडे बघत राहिल्या. "मी म्हातारी, समजूतदार, म्हणून जमलं हे? की लहान मुलांनाही असंच येतं?"

या प्रश्नासाठी ती पाच आठवडे थांबली होती.

"लहान मुलांना तर याहून लवकर येतं, बाई."

इतके दिवस ती आजी म्हणत होती. बाईंनी दचकून वर पाहिलं. "तू माझ्या हाताखालची का? कुठल्या वर्षाची?"

"मी डावरी."

बाईंचा चेहरा बघता बघता उतरला. छत्तीस वर्गांतली मुलं एकेक करून त्यांच्यापुढे येऊन उभी राहत असावीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. थेरपिस्टने वही मिटली नाही. पाणी दिलं नाही. खिडकीपाशीही नेलं नाही. ती समोर बसून शांतपणे बघत राहिली.

"तुझं मन मोठं गं पोरी," बाई हुंदका गिळत म्हणाल्या. "सगळं आठवत असून तू मला मारलं नाहीस."

"हात शिवशिवत होता," ती म्हणाली. "पण मार खाऊन तुम्हाला लिहिता आलं असतं, तर तुमचंच खरं ठरलं असतं."