उरलेला महिना

“कुत्रा गेला, तर उरलेल्या महिन्याचे पैसे परत द्यायचे का?”

हा प्रश्न तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. त्या तिला भोंगा म्हणतात. आवाज तसाच, आणि माघार तर माहीतच नाही. म्हणून दार उघडल्या उघडल्या तिने तो विचारून टाकला आणि मग जीभ चावली. दारात दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांचा बोका जाऊन आठवडाही झाला नव्हता.

बोका म्हणजे कुत्राच. निवृत्त झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी केलेला तेवढाच एक विनोद.

त्याला रोज संध्याकाळी फिरवून आणायचं, ही भोंग्याची पहिलीवहिली नोकरी. पैसे महिना सुरू होतानाच हातात पडायचे. या महिन्याचे तर आता पायात होते. निळे बूट, एकदम झकास.

बाई म्हणतील, वेडी की काय, राहू दे तुला, याची तिला पक्की खात्री होती.

बाई म्हणाल्या, “हो, द्यायचे.”

बुटांकडे बघत भोंग्याने पैसे कुठे गेले ते सांगितलं. बाईंनीही बुटांकडे बघितलं, चांगले आहेत म्हणाल्या, आणि स्वतःच्या चपला शोधू लागल्या.

“पैसे नाहीत तर काम पूर्ण कर. चल.”

कसलं काम, हे विचारायची सोयच राहिली नाही. दोघी निघाल्या. नेहमीचाच रस्ता, सायकलवाल्याच्या दुकानावरून शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत. भोंग्याला आपल्या रिकाम्या हाताचं काय करावं ते कळेना. भिंतीच्या कोपऱ्यातल्या खांबाशी दोघी आपोआप थांबल्या, बोक्याला लागायचा तेवढा वेळ उभ्या राहिल्या आणि पुढे चालू लागल्या. परतताना मात्र बाईंनी समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या दातांची अशी काही परीक्षा घेतली, की भोंग्याला हसू आवरेना.

फाटकाशी आल्यावर तिला एकदम भरून आलं. पुढच्या महिन्यापासून मी अशीच येत जाईन, फुकट, असं तिने सांगून टाकलं.

“फुकट नको,” बाई म्हणाल्या. “भाची येते की फुकट.”

“कधी?”

“वेळ मिळाला की.”

आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

भोंगा घरी आली ती डोक्याचा पार भुगा होऊन. आधी पैसे परत मागतात, मग फुकट नको म्हणतात. या बाईंना पैसे हवेत की नकोत? आईबाबांना तिने सगळं एका दमात सांगितलं. बाबांचं म्हणणं, व्यवहार म्हणजे व्यवहार. कुत्रा नाही तर काम नाही. उरलेले पैसे मी देतो, उद्याच परत करून ये आणि विषय संपव. आई म्हणाली, एकट्या बाईबरोबर चार पावलं चालायचे कसले गं पैसे घेतेस? जा, खुशाल रोज जा, पण एक पैसा घ्यायचा नाही.

दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. बाबांचं ऐकावं तर बाई एकट्या पडतात. आईचं ऐकावं, तर… परीक्षा येईल. सिनेमा येईल. मैत्रिणी खालून हाका मारतील. बोक्याच्या वेळी ती तापातसुद्धा गेली होती. त्याच्या प्रेमापोटी की पैसे घेतले होते म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिने मान वर केली.

“मी रोज जाणार आहे,” ती म्हणाली, “आणि पैसे घेऊनच जाणार आहे.”

आईचा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला.

“नाहीतर मलाही वेळ मिळणार नाही.”