लिम्फोचं कॉसमॉस

आम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या बासोथो बायका दर ईस्टरआधी घराच्या भिंती शेणमातीने लिंपतो आणि ओल्या भिंतीवर जेवणाच्या काट्याने शेतामाळावरची फुलं कोरतो. माझी फुलं बघायला पलीकडच्या गावच्या बायका येतात. गेल्या वर्षी माझ्या पाच वर्षांच्या लेकीनेही, जिच्या नावावरून मला सगळे मालिम्फो म्हणजे लिम्फोची आई म्हणतात त्या लिम्फोने, दारापाशी बोटाने एक कॉसमॉस कोरलं होतं, वेडंवाकडं. हिवाळ्यात ती तापाने गेली. यंदा तिचं फूल सोडून बाकीची भिंत लिंपायची, असं ठरवून मी नमुन्याची फुलं आणायला गेले. परतले तर सासूबाईंचे हात चिखलाने माखलेले. "मालिम्फो, सगळी भिंत लिंपली बघ. तेवढंच तुझं ओझं हलकं." त्यांना हल्ली नीट दिसत नाही. मी दारापाशी बसून लिम्फोचं फूल बोटाने कोरलं, पुसलं, पुन्हा कोरलं. "अगं, काटा घे की." डाव्या हाताने कोरलं, डोळे मिटून कोरलं. पाकळ्या सुबकच येत होत्या.