बिनसाखरेचं घर

महानंदाबाईंनी पिशवीतून साखरेची पुडी काढली आणि अमृतराव खुर्चीतून उठून उभेच राहिले.

“नको ताई,” ते म्हणाले. “आमच्या घरात साखर चालत न्हाई. मला शुगर हाय. ही बघा, स्मूदी केलीय. पेरू, काकडी, घरचं दही, ज्वारीच्या लाह्या. साखरेचा कणबी न्हाई. याच्यावरच सुपारी फोडू.”

महानंदाबाई औशाहून मुलाला घेऊन आल्या होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. चपला काढता काढताच त्यांनी सांगून टाकलं होतं की मुलगी पसंत आहे, आज सुपारी फोडूनच जायचं. त्यांचा राजशेखर लातूरला शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवत होता. अमृतरावांची साक्षी तिथंच एका औषधाच्या दुकानात कामाला होती, रोज घरून ये-जा करायची. दोघं दोनदा भेटले होते आणि एकमेकांना आवडले होते. असं स्थळ पुन्हा दारात येत नाही. ते हातचं जाईल ही धास्ती अमृतरावांना सकाळपासून होती.

अमृतरावांचं उदगीरला लस्सीचं दुकान. चौदा वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. तेव्हापासून गडी असा बदलला की लोकांनी तोंडात बोटं घातली. सकाळी ज्वारीची आंबील, दुपारी ताक, संध्याकाळी बिनसाखरेची स्मूदी. डॉक्टरांकडून ऐकलेला ‘प्रोबायोटिक’ हा शब्द ते देवाला बेल वाहावा तसा जपून उच्चारायचे. घरच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागं इंजेक्शनची पेटी असायची. दर तीन महिन्यांनी ते लातूरला डॉक्टरकडे जायचे. एकटे कधीच नाही, साक्षी सोबत असायची. लग्नकार्यात बुंदीचं ताट आलं की ते हात जोडायचे आणि त्यांच्यामागं बायको आणि मुलगीही हात जोडायची. एका माणसाच्या दुखण्यापायी दोन बायका उपाशी, असं लोक हसून म्हणायचे. अमृतराव ऐकून घ्यायचे, पण नेम मोडायचे नाहीत.

“ताई, ह्या माणसानं सोताची लस्सी चौदा वर्षं चाखली न्हाई,” मध्यस्थ म्हणून आलेले शेजारचे कापडवाले नागप्पा म्हणाले. “साखर बरोबर पडली का, ते मी चाखून सांगतो.”

महानंदाबाईंना हसू आलं नाही. “तुम्ही नका खाऊ. पोरीचं तोंड तर गोड करू द्या. साखर न देता सुपारी आमच्याकडं कुणी फोडली न्हाई.”

त्यांनी चिमूटभर साखर घेतली आणि साक्षीकडे वळल्या. अमृतराव मध्ये आले.

“तिलाबी सवय न्हाई, ताई.”

“साखरेची सवय न्हाई?” महानंदाबाईंचा हात तिथंच थांबला. त्यांनी बापाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं.

साक्षी उठली. तिनं बापाचा हात हळूच बाजूला केला.

“आप्पा, तुम्ही बसा,” ती म्हणाली. “मावशी, एवढ्या चिमटीनं मला काही होत न्हाई. पण आधी ऐकून घ्या. शुगर आप्पांना न्हाई. मला हाय, दहाव्या वर्षापासून. फ्रिजमधली इंजेक्शनं माझी हायत.”

दारात उभ्या असलेल्या साक्षीच्या आई अंबिकाबाईंनी तोंडाला पदर लावला. नागप्पांचा ग्लास अर्ध्यातच राहिला.

दहा वर्षांच्या पोरीला घेऊन अमृतराव लातूरहून परत आले तो दिवस त्यांना आजही लख्ख आठवत होता. सुई जन्मभर घ्यावी लागेल, गोड जपून, दही-ताक भरपूर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरातल्या साऱ्यांनी साखर सोडा, असं काही ते म्हणाले नव्हते. ते अमृतरावांनीच एसटीत बसून ठरवलं. जे पोरीला खाता येत नाही ते घरात कुणी खाणार नाही, आणि उद्या तिच्या लग्नात नडेल ते कुणाला कळणार नाही. स्टँडवर उतरल्यावर नागप्पांनीच विचारलं होतं, लातूरला कशाला गेलता? मला शुगर निघाली, असं ते बोलून गेले. त्यानंतर चौदा वर्षं त्यांनी तो शब्द पाळला.

“यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलंय,” साक्षी राजशेखरकडे बघत म्हणाली. “घरी मी सांगतो म्हणले. मीच नको म्हणलं. सून तुम्ही करून घेणार, तर माझ्या तोंडून ऐका. लपवून मला लगीन करायचं न्हाई.”

राजशेखरनं आईकडे बघून मान हलवली. महानंदाबाई खाली बसल्या. चिमटीतली साखर त्यांनी पुन्हा पुडीत टाकली. अमृतरावांनी मान खाली घातली. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं.

“सुई रोज घ्यावी लागती?” महानंदाबाईंनी विचारलं.

“रोज. चार वेळा.”

“देतं कोण?”

“माझी मीच घेते.”

“दहाव्या वर्षापासून?”

“हाव.”

महानंदाबाईंनी समोरचा स्मूदीचा ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. तोंड जरा वाकडं झालं, पण ग्लास खाली ठेवला नाही.

“जिरं टाकायला पायजे हुतं,” त्या म्हणाल्या. “नागप्पा, सुपारी काढा. पोरगी आमची झाली. आन ह्या साखरेचं काय करायचं आता?”

अमृतरावांचे डोळे भरून आले होते. प्रसाद घेतात तसा त्यांनी उजवा हात पुढं केला.

“ती इकडं द्या,” ते म्हणाले. “मला कुठं शुगर हाय?”