चालू असताना काढलेले

"ताई, बाबांचं यंत्र सकाळपासून कुरकुरतंय," भाऊ फोनवर म्हणाला. जागरणांनी त्याचा आवाज पार बसला होता.

आकडेवालीनं चष्मा काढून डोळे चोळले. कारखान्यात सगळे तिला याच नावानं ओळखत. हवेतून प्राणवायू काढणाऱ्या यंत्रांचे पंप किती टिकतील, ते तिला आज सही करून सांगायचं होतं. घरी बाबा तसल्याच एका पंपाच्या जिवावर श्वास घेत होते.

"प्राणवायू येतोय ना?"

"येतोय. पण दुकानदाराचा माणूस दारात उभा आहे. प्राणवायूचा जादाचा सिलिंडर परत मागतोय, दुसऱ्या कुणाला तरी हवाय म्हणे. देऊ का? त्या सिलिंडरला ठेचकाळून माझा अंगठा फुटायची वेळ आलीय."

तिनं समोरच्या तक्त्यावर नजर टाकली. चाचणीतला एकही पंप बंद पडला नव्हता. बरेच मध्येच काढले होते, पण त्यांच्यापुढे नोंद होती, 'चालू असताना काढला'. असा पंप पुढे किती चालला असता हे कुणालाच ठाऊक नसतं. बाकीच्यांइतकाच चालला असता असं धरायचं आणि गणित पुढे न्यायचं. इतकी वर्षं ती तेच करत आली होती, आणि आजचं उत्तर तर फारच चांगलं आलं होतं.

"देऊन टाक. कुरकुरू दे त्याला, आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकेल ते. तू जरा पाठ टेक."

"सुटलो बुवा! बाबांना तर त्या आवाजानं उलट झोप लागलीय."

तिनं सही ठोकली. अंगातलं त्राण संपलं होतं, तरी बरं वाटलं. चहाला खाली जाता जाता ती चाचणीच्या खोलीत शिरली. खिडकीतलं ऊन उतरलं होतं. एवढे पंप चालू असूनही खोली कशी शांत होती.

म्हातारा मिस्त्री एक पंप सोडवत होता.

"काका, हा का काढताय? चालू आहे की अजून."

"चालूच आहे हो," मिस्त्री जांभई देत म्हणाला. "पण कुरकुरायला लागलाय ना. एकदा कुरकुरायला लागला की दिवस मावळायच्या आत बंद पडतोच. तोवर तो आवाज कोण ऐकत बसणार? डोकं उठतं माझं. म्हणून मी आधीच काढून घेतो."